कबड्डीची वारी

मुलांनो, तुम्ही कधी एखाद्या संघाच्या मागे गावोगाव हिंडला आहात का? खेळायला नव्हे हं, नुसतं बघायला! एस.टी.च्या मागच्या सीटवर बसून, डब्यात भाकरी-ठेचा बांधून, घसा बसेपर्यंत ओरडायला? नसाल हिंडलात, तर आज माझ्याबरोबर चला. आपण यवतमाळ जिल्ह्यात जाणार आहोत, आणि तेही ऐन हंगामात. हंगाम कशाचा? कापसाचा आणि कबड्डीचा. आमच्याकडे हे दोन्ही जोडीनंच येतात.

पंढरीचे वारकरी आषाढीला निघतात. आमचे कबड्डीचे वारकरी निघतात नवरात्र संपल्यावर. यवतमाळचा दुर्गोत्सव साऱ्या विदर्भात नावाजलेला आहे. नऊ दिवस गाव जागं असतं. देवीचं विसर्जन झालं, रस्त्यावरचे मांडव उतरले, की कॉलेजच्या मैदानावर चुन्याच्या रेघा पडतात. शेतात कापसाची बोंडं फुटायला लागलेली असतात. आणि पोरं एकमेकांना विचारायला लागतात, "आपली पहिली मॅच कुठं आहे बे?"

आपल्या कॉलेजच्या संघापायी वेडं होणं ही काही एकट्या यवतमाळची गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांची नावांची शर्यत १८२९ साली सुरू झाली. ती बघायला आजही थेम्स नदीच्या काठावर माणसांची गर्दी होते. अमेरिकेत मिशिगन आणि ओहायो स्टेट या विद्यापीठांच्या फुटबॉल संघांचं वैर तर शंभर वर्षांहून जुनं आहे. मिशिगनच्या मैदानात एक लाखाहून जास्त माणसं बसतात! आमच्याकडे तेवढं मोठं मैदान नाही. आमच्याकडे काळी माती, चुन्याच्या रेघा आणि चारी बाजूंनी उभी माणसं. झाडावर चढलेली आणि भिंतीवर बसलेली पोरं वेगळी. पण आवाज म्हणाल, तर तो कमी नसतो.

एक जिल्हा, तीन तऱ्हा

आधी जिल्हा समजून घेऊ, म्हणजे हे वैर कुठून आलं ते कळेल.

यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत आणि त्याचं क्षेत्रफळ साडेतेरा हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. पूर्वेकडे वर्धा नदी आणि दक्षिणेकडे पैनगंगा. मधे टेकड्या, सागाची जंगलं आणि कापसाची काळी रानं. यवतमाळहून पुसद शंभरेक किलोमीटर लांब, आणि वणीही साधारण तितकीच लांब, पण दुसऱ्याच दिशेला.

गंमत अशी, की इंग्रजांच्या काळात या जिल्ह्याचं नाव यवतमाळ नव्हतंच. ते होतं वणी जिल्हा. इंग्रज त्याला 'वून' म्हणत. १९०५ साली वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची नव्यानं आखणी झाली, तेव्हा वाशीम जिल्ह्यातला पुसद तालुका इकडे जोडला गेला आणि जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. त्यामुळे वणीचा माणूस अजून मिशीला पीळ देत म्हणतो, "जिल्ह्याले नाव आमचं होतं!" पुसदचा माणूस म्हणतो, "आमी तर मागून आलो, पण मुख्यमंत्री आमीच दिले." खरंच आहे ते. वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे. १९६३ ते १९७५ इतका दीर्घ काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. पुढे सुधाकरराव नाईकही मुख्यमंत्री झाले. यवतमाळचा माणूस दोघांचं ऐकून घेतो आणि म्हणतो, "कलेक्टर हापिस कोठी हाय, सांगा बरं?"

बोलीसुद्धा बघा कशी बदलते. वणीच्या बाजूला गेलात तर बोलण्यात चंद्रपूरचा आणि तेलंगणाचा सूर लागतो. पुसद-उमरखेडकडे गेलात तर मराठवाडा कानाला लागतो, आणि तांड्यांवरून बंजारा बोली ऐकू येते. पांढरकवडा, झरी भागात कोलाम आणि गोंड लोकांच्या भाषा आहेत. मैदानाच्या चार बाजूंना चार गावांची माणसं उभी राहिली, की डोळे मिटूनही कळतं, कोणतं गाव कुठे उभं आहे!

आता कॉलेजं. पुसदचं फुलसिंग नाईक महाविद्यालय, वणीचं लोकमान्य टिळक महाविद्यालय, यवतमाळचं अमोलकचंद महाविद्यालय, दारव्ह्याचं मुंगसाजी महाराज महाविद्यालय... ही सगळी नागपूर विद्यापीठात होती. १ मे १९८३ रोजी अमरावतीला वेगळं विद्यापीठ झालं. आज त्याला संत गाडगेबाबांचं नाव आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतली कॉलेजं त्यात येतात.

दर वर्षी या कॉलेजांचे आपसात सामने होतात. आधी जवळपासच्या कॉलेजांचे, मग त्यातल्या विजेत्यांचे. या सामन्यांत जे खेळाडू चमकतात, त्यांना विद्यापीठ निवडतं, शिबिरात बोलावतं आणि त्यातून विद्यापीठाचा एकच संघ बनवतं. मग तो संघ गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश इकडच्या विद्यापीठांशी खेळायला जातो. विद्यापीठाकडून खेळलेल्या खेळाडूला कलर कोट मिळतो. आमच्याकडे गावात एखादा मुलगा कलर कोट घालून आला, तर त्याच्या घरापुढे माणसं जमतात.

हे नीट लक्षात ठेवा हं. आधी एकमेकांविरुद्ध, मग एकत्र. माझी सगळी गोष्ट यातच आहे.

मामांची वही

ही १९९३ सालची गोष्ट. मी यवतमाळच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, नाही तर दुसऱ्या कॉलेजवाल्यांची पत्रं येतील! मला स्वतःला कबड्डी खेळता येत नव्हती. पहिल्याच चाचणीत माझा दम तिसऱ्या 'कबड्डी'ला तुटला आणि सर म्हणाले, "तू बाहेरून ओरड." ते मी मनावर घेतलं.

ओरडणाऱ्यांच्या टोळीत आमचे मामा होते. माझे सख्खे मामा नव्हेत, सगळ्या पोरांचे मामा. जिनिंग फॅक्टरीत कापसाचे गठ्ठे वाहून त्यांचे केस पांढरे झाले होते. आम्ही म्हणायचो, तो कापूसच आहे. मामा कॉलेजात कधी गेले नव्हते. चौथीत शाळा सुटलेली. पण आमच्या कॉलेजची मॅच आहे असं कळलं, की ते रजा टाकत आणि निघत. त्यांच्याजवळ एक लांब, लाल पुठ्ठ्याची वही होती. किराणा दुकानात उधारी लिहायला असते ना, तशी. तिच्यात प्रत्येक सामन्याचे गुण लिहिलेले. कोणी किती चढाया केल्या, कोणाची पकड झाली, सगळं. काही नावांपुढे लाल पेन्सिलीनं एक ठिपका दिलेला असे. तो कशाचा, हे मात्र ते सांगत नसत.

कबड्डी कशी बघायची, हे मला मामांनी शिकवलं. तुम्हालाही सांगतो, उपयोगी पडेल.

पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मधे मध्यरेषा. प्रत्येक बाजूला सात-सात खेळाडू. चढाई करणाऱ्यानं एका दमात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत पलीकडे जायचं, कोणाला तरी शिवायचं आणि परत यायचं. आता तर चढाईला ३० सेकंदांचीच मुदत असते. पलीकडे गेल्यावर त्यानं आधी निदान रेषा ओलांडायची. ती न ओलांडता आणि कोणाला न शिवता परतला, तर तोच बाद. तिच्याही मागे बोनस रेषा. समोर सहा किंवा सात खेळाडू असताना ती ओलांडली, तर एक गुण जास्तीचा. सगळा संघ बाद झाला, तर लोण. त्याचे दोन गुण वेगळे.

मी बघायचो चढाई करणाऱ्याच्या हातांकडे. मामा माझ्या डोक्यावर टप्पू मारत.

"हाताकडं काय पाह्यतं बे? मांगच्या पायाकडं पाह्य. हात लबाड असते, पाय खरं बोलते."

तुम्ही पुढच्या वेळी बघा. हात इकडे जातो, तो फसवायला. पण उडी कुठे मारायची आहे, ते मागचा पाय आधीच सांगतो. चांगला कोपऱ्यातला खेळाडू तेच बघत असतो. तो वाकून, हात गुडघ्याजवळ ठेवून, गाईला दावं लावायला टपलेल्या गुराख्यासारखा उभा असतो. घोटा हातात आला, की संपलं.

मामा मैदानाच्या कडेला मध्यरेषेच्या टोकाशीच बसत. म्हणत, "सारी लढाई या रेघेवरच सरते."

शकुंतलेतून दारव्ह्याला

त्या वर्षी आमचा मोठा सामना दारव्ह्याला होता. समोर पुसदच्या बाजूच्या एका कॉलेजचा संघ. आदल्या वर्षी त्यांनी आम्हाला हरवलं होतं. म्हणजे हिशेब चुकता करायचाच होता!

दारव्ह्याला आम्ही 'शकुंतले'नं गेलो. ही शकुंतला म्हणजे आमची छोटी आगगाडी. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर अशी तिची अरुंद रुळांची वाट. इंग्रजांच्या काळात इकडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या रेल्वेला नेऊन द्यायचा, तिथून तो मुंबईला जायचा आणि पुढे बोटीनं विलायतेला, यासाठी ती बांधली होती. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेलं. आमचा कापूस जिथे जायचा, तिथूनच आमचं इंजिन आलेलं! एप्रिल १९९४ मध्ये ते निवृत्त झालं आणि डिझेलचं इंजिन आलं. म्हणजे आम्ही गेलो ते त्याचे शेवटचे दिवस होते. आता तर शकुंतला बंदच आहे. वर्ध्याहून यवतमाळमार्गे नांदेडला जाणारी नवी मोठी रेल्वे होते आहे. तिची गाडी २०२४ साली वर्ध्याहून कळंबपर्यंत आली.

शकुंतलेची चाल अशी, की एखाद्याची टोपी उडाली तर त्यानं उतरून ती उचलावी आणि पळत येऊन पुन्हा चढावं. आमच्यातल्या एकानं पैज लावून ते करूनही दाखवलं. (तुम्ही मात्र कोणत्याही गाडीत असलं काही करू नका. मामांनी त्याचा कान लाल केला होता.) खिडकीबाहेर पांढरी झालेली शेतं. ओट्यात कापूस भरणाऱ्या बाया मान वर करून आमच्याकडे बघत होत्या, आणि आम्ही गाणी म्हणत होतो.

माझ्या हातात मावशीची पितळी थाळी आणि पळी होती. वाजवायला. मावशीला विचारलं नव्हतं. थाळीच्या काठावर तिचं नाव आणि खाली 'यवतमाळ' असं कोरलेलं होतं.

एक वीत

मैदानाभोवती ही गर्दी! आम्ही मध्यरेषेच्या टोकाशी जागा पकडली. सामना सुरू व्हायला आला, तरी समोरच्या संघाचा एक खेळाडू आलेला नव्हता. शेवटच्या क्षणी तो धावतच आला. उंच, काटकुळा, सावळा. एस.टी.तून उतरून थेट मैदानात. कोणीतरी बातमी आणली, "त्याच्या घरी आज सीतादही होतं म्हणे. सकाळपासून वावरात होता."

सीतादही म्हणजे काय ठाऊक आहे? कापसाची वेचणी सुरू करताना शेतात पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, आणि मग पहिला कापूस वेचतात. म्हणजे तो मुलगा पूजा करून, पहिला कापूस वेचून आला होता. त्याच्या बोटांवर ओरखडे होते. बोंडाची टरफलं वाळली, की टोकदार होतात. वेचणाऱ्याची बोटं सोलवटून निघतात.

आमच्या टोळीला एवढं पुरे झालं. कोणी सुरुवात केली आठवत नाही. कदाचित मीच असेन. "कापूसवेच्या! कापूसवेच्या!" आणि त्यावर थाळीचा ठेका.

तो खेळला मात्र असा, की काय सांगू! त्याच्या मागच्या पायाकडे मी टक लावून बघत होतो, तरी मला तो कळत नव्हता. पाय डावीकडे जायचा आणि अंग उजवीकडे. त्याच्या प्रत्येक चढाईला आमचा एक गडी कमी व्हायचा. अर्ध्या वेळेला आम्ही मागे होतो. मग आमची पोरं सावरली. शेवटचा मिनिट उरला, तेव्हा आमचे २४ गुण आणि त्यांचे २३.

आणि तो चढाईला आला.

आमचे पाच गडी मैदानात होते. तो बोनस रेषेपर्यंत गेला, वळला, आमच्याच बाजूला आला. आम्ही जीव तोडून ओरडलो. मी थाळी इतक्या जोरात बडवली, की पळीचा दांडा वाकला. "कापूसवेच्या!"

त्यानं आमच्याकडे बघितलं. एक क्षणभरच. 'कबड्डी' थांबली नव्हती, पण मान वळली. तेवढ्यात आमच्या कोपऱ्यातल्या गड्यानं त्याचा घोटा धरला. वरून आणखी दोघं पडले. तिघांना अंगावर घेऊन तो मातीत घसटत मध्यरेषेकडे सरकला. हात लांब केला. ती ओरखडलेली बोटं माझ्यापासून चार हातांवर होती. रेषा त्यांच्यापासून एक वीत दूर राहिली. आणि दम संपला.

ती एक वीत ओलांडली असती, तर धरणारे तिघंही बाद झाले असते. म्हणजे आमचे २४, त्यांचे २६. आता आमचे २५ आणि त्यांचे २३. पंचांची शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो!

पोरं मैदानात घुसली, कोणी कोणाला खांद्यावर घेतलं. धक्काबुक्कीत थाळी हातातून कुठे गेली कळलंच नाही. मागे वळून बघितलं, तर मामा जागचे हलले नव्हते. टाळीही वाजवत नव्हते. वही मांडीवर घेऊन काहीतरी लिहीत होते. मी वाकून बघितलं. त्या मुलाच्या नावापुढे लाल ठिपका होता.

परतताना एस.टी.त मामा गप्प होते. आमचा आरडाओरडा थकल्यावर त्यांनी हळूच मला विचारलं, "तुह्या घरचा कापूस कोन वेचते रे?"

मला उत्तर देता येईना. आमचा कापूस माझी आई वेचत होती. आजी वेचत होती. माझी कॉलेजची फी त्याच पैशांतून भरली होती. दिवाळीच्या सुट्टीत मीही वेचायचो, आणि माझ्याही बोटांना तसेच ओरखडे पडायचे.

"आपन जितलो," मामा म्हणाले, "पन पोट्ट्यायनं नाही जितलं. त्या थाळीनं जितलं. तसं जितलेलं माह्या वहीत बसत नाही."

मग त्यांनी ठिपक्याचा अर्थ सांगितला. ज्याचा खेळ बघून मन भरलं, त्याला ठिपका. तो आपला असो की समोरचा. मी वही चाळली. अर्ध्याहून जास्त ठिपके समोरच्यांचे होते!

रिकामं भांडं

घरी मावशी थाळीसाठी चार दिवस बोलत होती. मीही चार दिवस नीट जेवलो नाही, पण ते थाळीसाठी नव्हतं.

महिनाभरानं मामा म्हणाले, "चाल, अमरावतीले. विद्यापीठाचा संघ निवडला. सराव पाहू." आमच्या कॉलेजचे दोघं त्या संघात होते.

यवतमाळहून नेर, नांदगाव खंडेश्वर करत एस.टी. अमरावतीला जाते. रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग लागलेले. अमरावतीत मामांनी मला आधी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ दाखवलं. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेली ही संस्था. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक झालं, तेव्हा इथल्या खेळाडूंनी तिथे जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. त्यात कबड्डीही होती. वऱ्हाडातली पोरं बर्लिनच्या लोकांपुढे 'कबड्डी, कबड्डी' म्हणत दम घालत आहेत, हे डोळ्यांपुढे आणून बघा बरं! पुढे १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी आली आणि भारतानं सुवर्णपदक जिंकलं. तेव्हापासून आमच्या पोरांना वाटायला लागलं, की हा खेळ आपल्याला लांबवर नेऊ शकतो.

आणि तो खरोखरच नेतो. ठरावीक पातळीवर पदक मिळवलेल्या खेळाडूंसाठी राज्य सरकारच्या नोकऱ्यांत ५ टक्के जागा राखीव असतात. पाऊस नीट पडला नाही, तर ज्याच्या घरी वर्षाचं गणित कोलमडतं, त्याच्यासाठी ती एक वीत म्हणजे नुसती एक वीत नसते. हे मला तेव्हा उमजलं.

सरावाच्या मैदानावर पोचलो. आमचे दोघं दिसले. आणि त्यांच्या शेजारी, तसलीच बनियन घालून, तो! सामना हरूनही विद्यापीठानं त्याला निवडलं होतं. ज्यानं त्याचा घोटा धरला होता, तो आमचा गडी त्याच्या खांद्यावर हात टाकून हसत होता.

मी मामांच्या मागे लपलो. पण त्यानं मला ओळखलं. पिशवी घेऊन तो सरळ माझ्याकडेच आला.

"त्या दिवशी तुमीच वाजवत होते न?"

मी मान हलवली. वाटलं, आता हा मारणार.

त्यानं पिशवीतून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. मावशीची थाळी! घासून लख्ख केलेली. फडकं सोडलं, तर आत शेंगदाण्याचे लाडू.

"मैदानात पडली होती. नाव वाचलं, यवतमाळचं हाय म्हणून संगं आणली. माय म्हणली, लोकाचं भांडं घरात ठिवू नये. अन्‌ रिकामं वापस देऊ नये."

मुलांनो, तुमच्या घरीही हे सांगत असतील. शेजारणीची वाटी परत करताना आई त्यात साखर तरी घालते. मी ते शंभर वेळा बघितलं होतं. पण त्या दिवशी थाळी हातात घेताना मला वर बघवेना. कसाबसा म्हणालो, "त्या दिवशीचं... चुकलं माझं."

तो हसला. "कापूस तर वेचतोच न आमी," म्हणाला, आणि मैदानात पळाला.

सराव सामना सुरू झाला. त्यानं पहिलीच चढाई केली, दोघांना शिवून आला. मामांनी वही उघडली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आता वाजव."

मी वाजवली. पळीचा दांडा वाकलेलाच होता.

तुम्ही कधी येता?

त्याला पुढे कलर कोट मिळाला. मामा आता नाहीत. त्यांची लाल वही माझ्याकडे आहे आणि ती मी पुढे चालवतो आहे. आता बरेच सामने मॅटवर होतात, खेळाडू बूट घालतात. २०१४ पासून प्रो कबड्डी लीग टीव्हीवर आली आणि पोरांना मोठमोठ्या खेळाडूंची नावं पाठ झाली. मुलींचे संघही तितकेच जोरात खेळतात, आणि त्यांच्या मैत्रिणी आमच्याहून मोठ्यानं ओरडतात! खो-खोचंही तसंच. २०२५ साली दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचे होते.

पण टीव्हीवर बघणं वेगळं आणि मध्यरेषेच्या टोकाशी बसणं वेगळं. तुमच्याही गावाजवळ एखादं कॉलेज असेल. दसऱ्यानंतर त्याच्या मैदानावर चक्कर मारा. बाबांना, नाही तर ताईला बरोबर घ्या. डबा घ्या, पाणी घ्या आणि एक वही घ्या. गुण लिहा. मागच्या पायाकडे बघा. आपल्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडा. समोरच्याचं नाव घेऊन मात्र ओरडायचं ते त्याच्या चांगल्या चढाईसाठीच. आज जो समोर उभा आहे, तो महिन्याभरानं तुमच्याच विद्यापीठाकडून खेळणार असतो.

थाळी न्यायची असेल, तर मावशीला विचारून न्या. आणि एक लाल पेन्सिल न्यायला विसरू नका.